बाईंनी लिहिलेलं 'नाही'

बाई, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत तुमच्या मुलीने, शिल्पाने, तुमच्या नावाआधी 'कालकथित' आणि नावाखाली 'आदर्श शिक्षिका' छापून घेतलंय. पहिला शब्द वाचून मला रडू आलं आणि दुसरा वाचून हसू. आदर्श म्हटलेलं तुम्हाला कधी चाललं नाही. एका शाळेत मुख्याध्यापकांनी तुमची तशी ओळख करून दिली, तेव्हा तुम्ही माइक ओढून घेतलात आणि म्हणालात, "आदर्श असते तर निवृत्तीनंतर घरी बसून नातवंडं खेळवली असती. पूर्वीचं निस्तरायला आलेय." सगळे विनोद समजून हसले. मीही हसले. त्यातलं खरं मला पुढे वर्षभराने कळलं.

शिल्पाचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मी डबे भरत होते. झोपेतच गेलात म्हणाली. माझा विश्वासच बसेना, कारण कुठूनही इतक्या पटकन निघणं तुमच्या स्वभावात नव्हतं. शाळेतून निघायचं म्हटलं की तुमचा पाय दारात अडकायचा. एखाद्या शिक्षिकेच्या सासूच्या दुखण्यापासून फळ्याच्या रंगापर्यंत तुमचं बोलणं चालायचं आणि मी गाडीत बसून हॉर्न वाजवायचे. म्हणून तर तुम्ही माझं नाव 'एक्सप्रेस' ठेवलं होतंत. "कासारवाडीला न थांबणारी गाडी आहे ही," असं सगळ्यांसमोर सांगायचात. मला राग यायचा. आता कुणी त्या नावाने हाक मारणार नाही, याचं वाईट वाटतंय.

आपण नक्की काय काम करतो हे माझ्या आईला अजून कळलेलं नाही. तिला वाटतं मी शाळांमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करते. तुम्ही मात्र कुणालाही दोन वाक्यांत सांगायचात. "वरून पुस्तक येतं, कंपनीकडून यंत्रं येतात, आणि मध्ये एक शिक्षिका घाम पुसत उभी असते. आम्ही तिच्याशेजारी उभं राहायला जातो." डिजिटल तंत्रज्ञानाचा नवा अभ्यासक्रम शाळेने घ्यायचा म्हणजे काय करायचं, याचे माझ्याकडे तक्ते होते, टप्पे होते, रंगीत खुणा होत्या. हिंजवडीत मी बारा वर्षं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम केलेलं. पास किंवा नापास, मधलं काही नाही, ही सवय तिथून घेऊनच मी या संस्थेत आले. तुम्ही महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन आलात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माउस धरायला शिकलात आणि माझ्या गाडीत शेजारी बसलात. मी सांगवीहून निघायचे, तुम्ही नाशिक फाट्याच्या पुलाखाली डबा, छत्री आणि बाटली घेऊन उभ्या असायचात. गाडीत बसल्याबसल्या पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "खाल्लंस का काही?"

भोसरीच्या त्या प्रशिक्षणाची आठवण मी शिल्पाला परवा सांगितली. तीस शिक्षक बसलेले आणि पाचव्या स्लाइडला वीज गेली. मी तिथेच अडले, कारण माझं सगळं ज्ञान त्या भिंतीवर पडणाऱ्या उजेडात होतं. तुम्ही उठलात. टेबलावरच्या तांब्याशेजारी उभ्या राहिलात आणि म्हणालात, "मी यंत्र आहे. मला पाणी प्यायचंय. सूचना द्या."

"पाणी प्या," एक सर म्हणाले.

"यंत्राला प्या म्हणजे काय माहीत नाही."

"तांब्या उचला, बाई."

तुम्ही उचललात. आणखी कुणी म्हणालं, "आता वाकडा करा." तुम्ही होता तिथेच, छातीसमोर, तो वाकडा केलात. अख्खा तांब्या साडीवर. सगळी खोली हसून लोळायची बाकी राहिली. मघापासून हाताची घडी घालून बसलेले खेळाचे सर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, चूक यंत्राची न्हाई. आमी तोंडाशी न्या म्हणायचं इसरलो." तुम्ही ओल्या पदराने हात पुसत म्हणालात, "झाला की पहिला धडा!" वीज परत आली तेव्हा कुणालाच माझ्या उरलेल्या स्लाइड नको होत्या. बाई, खरं सांगते, त्या दिवशी मला तुमचा हेवा वाटला. परत येताना मी गाडीत घुम्यासारखी बसून होते आणि तुम्ही खिडकीबाहेर पदर धरून वाळवत होतात.

आपलं पटायचं कमी. मुलांनी यंत्राला पहिल्या दिवशी हात लावायचा की नाही, यावर आपण चार महिने भांडलो. तुम्ही म्हणायचात लावू दे, मी म्हणायचे आधी नियम. तुम्ही माझ्या तक्त्यांना 'रांगोळी' म्हणायचात. मी तुमच्या गप्पांना 'ओव्हरटाइम' म्हणायचे. तरी आपला शाळाभेटीचा गुरुवार आला की मला बरं वाटायचं. गेल्या चार वर्षांत मला सगळ्यात जास्त ओरडलेली आणि सगळ्यात जास्त खाऊ घातलेली बाई तुम्हीच.

मोशीच्या पुढे ट्रॅफिक तुंबलं होतं, त्या दुपारी तुम्ही मला ती गोष्ट सांगितलीत. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मी वैतागलेली. तुम्ही अगदी सहज सुरुवात केलीत. तुम्ही मुख्याध्यापिका असताना शाळेला संगणक मिळाले होते. तुम्ही ते एका खोलीत ठेवलेत, वर कव्हरं घातलीत आणि खोलीला कुलूप लावलंत. किल्ली तुमच्या जुडग्यात. पाहुणे यायचे असले की तेवढी खोली झाडली जायची. "काही बिघडलं तर विचारणार मला. सही माझी होती ना," तुम्ही म्हणालात. सहा वर्षं ते कुलूप राहिलं. मुलं खिडकीच्या फटीला डोळा लावायची आणि तुम्ही त्यांना हाकलायचात. शेवटी ते संगणक भंगारात गेले, तेव्हाही कव्हरं अंगावर तशीच होती.

"त्यातला एक जण मागे भेटला. कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागलाय," तुम्ही म्हणालात. "जयभीम केला, पाया पडला. म्हणाला बाई, तुमच्यामुळे शिकलो. मला त्याच्याकडे बघवेना, वैशाली."

मी तेव्हा तुमचा हात धरायला हवा होता. पुढचा कंटेनर हलला आणि मी गियर टाकला.

आता ज्या शाळेचं लिहायचंय, तिथे येते. चाकणच्या पुढची ती शाळा, सात यंत्रं, आणि तिसरी ते पाचवी एकत्र सांभाळणाऱ्या सुरेखा मॅडम. त्याच गावच्या, मुलांवर जीव टाकणाऱ्या, पण माउसला हात लावायचा म्हटलं की कपाळावर घाम. वर्षभर आपण तिथे गेलो. शेवटच्या भेटीत फॉर्म भरायचा होता. त्यात एकच प्रश्न महत्त्वाचा होता: शिक्षिका हा विषय स्वतंत्रपणे शिकवू शकते का? हो की नाही. आधी एकदा आपण 'नाही' लिहिलेलं होतं. दुसऱ्यांदा 'नाही' आलं, तर यंत्रं यादीतल्या पुढच्या शाळेला द्यायची, असा संस्थेचा नियम.

त्या दिवशी सुरेखा मॅडमनी हात वर केला आणि सगळा वर्ग एका सुरात गाऊ लागला. पडद्यावरच्या मुंगीला साखरेपर्यंत न्यायचा तो धडा होता. "पुढे पुढे, उजवी वळ, पुढे पुढे, साखर खा!" दोनाच्या पाढ्याच्या चालीवर, एकही मूल चुकलं नाही. पुढच्या दोन यंत्रांवर मुंगी बरोबर साखरेपाशी गेली. मी खूश. मनातल्या मनात मी 'हो' लिहूनही टाकलं होतं.

तुम्ही मात्र गुडघे सांभाळत आरती नावाच्या मुलीशेजारी खाली बसलात आणि साखर एक घर डावीकडे सरकवलीत. "आता गं?" आरतीने तोच पाढा म्हटला. मुंगी भलतीकडे गेली. तिने पुन्हा म्हटला, जरा मोठ्याने. मुंगी पुन्हा भलतीकडे. मग ती अगदी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, साखर रोज तिथंच असती." सुरेखा मॅडमचा चेहरा उतरला. मी बघितलं तर मागच्या पाच यंत्रांच्या कीबोर्डवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

आरती तुमच्या कानाशी लागून म्हणाली, पण मला ऐकू आलं, "आज ऑडिट हाय ना? माझ्या पप्पाला बी कंपनीत असंच पाठ करायला लावतेत. सायेब आल्यावर सांगायला." तुम्ही हसलात, तिच्या केसांवरून हात फिरवलात. उठताना मात्र तुम्हाला बाकाचा आधार घ्यावा लागला.

गाडीत तुम्ही सरळच म्हणालात, "नाही लिही."

"मग यंत्रं जातील, बाई. त्या आरतीला उरलीसुरली मुंगीही दिसायची नाही."

"मुदत मागू. आणखी एक सत्र."

"आणि जाणार कोण? माझ्याकडे अजून नऊ शाळा आहेत."

"हो लिहिलं की आपण सुटलो, वैशाली," तुम्ही शांतपणे म्हणालात. "ती बाई मात्र अडकली. कागदावर तिला सगळं येतंय. उद्या अडलं तर ती विचारणार कुणाला?"

मी म्हटलं तुम्ही तिचा अपमान करताय. तुम्ही म्हणालात, पाढा म्हणवून घेण्यात तिचा काय दोष, तिने तिला येत होतं तसं शिकवलं. मी म्हटलं तुम्हाला नियम कळत नाहीत. तुम्ही म्हणालात, "नियम मला फार कळायचे. त्यातच तर आयुष्य घालवलं." तुम्ही बरोबर आहात हे मला तळवड्याच्या फाट्याआधीच कळलं होतं. कळल्यावर माणूस गप्प बसतो. माझी जीभ चालली.

"सहा वर्षं खोलीला कुलूप लावणाऱ्याने मला मुलांचं भलं शिकवू नये," असं मी म्हणाले.

हे वाक्य इथे लिहायलासुद्धा हात धजत नाही. पण ते लिहिल्याशिवाय बाकीचं सगळं खोटं ठरेल. तुम्ही डबा मांडीवर ओढून घेतलात. खिडकीबाहेर बघत राहिलात. भोसरी गेली. नाशिक फाट्याला उतरताना तुम्ही नेहमी "पोचलीस की कळव" म्हणायचात, तेवढं त्या दिवशी म्हणाला नाहीत. दार आपटलंही नाहीत. आपटलं असतंत तर बरं झालं असतं. तुमच्याकडच्या फॉर्मच्या कागदावर तुम्ही तुमच्या ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहून तो सीटवर ठेवला होतात. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या संगणकात 'हो' भरलं, कारण शेवटचा निर्णय नोंदवायचं काम माझं होतं. तुमचा कागद मी ड्रॉवरमध्ये टाकला.

महिनाभर मी फोन केला नाही. दोनदा मेसेज लिहून पुसला. तुम्हीच कराल असं वाटत राहिलं, कारण नेहमी तुम्हीच करायचात. पंधरा ऑगस्टला तुम्ही सगळ्या ओळखीच्यांना तिरंग्याचा फोटो पाठवायचात, तसा मलाही आला. मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. चार वर्षांच्या सोबतीनंतर आपलं शेवटचं बोलणं ते, बाई. एक अंगठा.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. त्रिसरण-पंचशील झालं. मग एकेक जण तुमच्याविषयी बोलायला उठू लागला. मी दाराशी बसले होते, कुणी मला बोलायला सांगू नये म्हणून. तेवढ्यात सुरेखा मॅडम उठल्या. दोन बस बदलून आल्या होत्या. त्यांना चार माणसांत बोलायची सवय नाही, सुरुवात पुस्तकी केली आणि मग घरच्या बोलीवर आल्या.

"बाई आमच्या शाळेत तीन गुरुवार आल्या. एकट्या, पीएमटीनं. शेवटच्या बाकावर बसायच्या. मी शिकवताना अडले की नुसत्या बघायच्या, बोलायच्या न्हाईत. मग माझं मलाच सुचायचं. पाचही कीबोर्डांचं प्लॅस्टिक त्यांनी पोरांकडनं काढून घेतलं." मग माझ्याकडे हात केला. "वैशाली मॅडमनी पाठवलं व्हतं त्यांना. त्यांचे लई उपकार."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. शिल्पाने माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली, "चाकणला जाते म्हणायची. मला वाटलं तुझ्याच गाडीतून जाते." मी उठून सांगायला हवं होतं की मी नाही पाठवलं. माझ्याने उठवलं नाही. मी मान खाली घालून तुमच्या पुण्याईतला वाटा घेतला.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात घोळतोय. ते गुडघे, ती बस, चाकणच्या चौकातली ती धूळ. मी गाडीने नेलं असतं तर? शिल्पाला विचारलं तर ती माझ्यावरच चिडली. म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय, याचा त्याचा काही संबंध नाही, आणि उलट ते तीन गुरुवार आई फार मजेत होती. घरी येऊन मुंगीची गोष्ट सांगायची, दर वेळी साखर नव्या घरात ठेवली की पोरं कशी ओरडतात ते सांगायची. मला हे ऐकून बरं वाटलं. पूर्ण नाही, पण बरं वाटलं.

सोमवारी मी ऑफिसात गेले आणि आमच्या सरांना सांगितलं की त्या शाळेची नोंद मी चुकीची भरलीय. तुमचा कागद ड्रॉवरमधून काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ तुमचं अक्षर पाहिलं.

"मग यंत्रं हलवायची का आता?"

"मुदत हवी, सर. आणखी एक सत्र."

"बाई नाहीत आता. दर आठवड्याला जाणार कोण?"

"मी."

"तुमच्या नऊ शाळा?"

"त्यातल्या दोन दुसऱ्या कुणाला द्या. बाकीच्यांचं बघते मी."

"हे लेखी द्या," ते म्हणाले. नियमाचा माणूस. मी तिथेच बसून लिहून दिलं. नोंदीच्या छापील प्रतीवर 'हो' खोडलं, 'नाही' लिहिलं, शेजारी सही केली. बाई, बारा वर्षं लोकांच्या चुका शोधून त्यावर लाल खूण करायचा मला पगार मिळायचा. स्वतःच्या चुकीवर पहिल्यांदाच केली.

काल गुरुवार होता. नाशिक फाट्याच्या पुलाखाली गाडी आपोआप हळू झाली. तिथे एक फळवाला उभा होता, त्याला वाटलं मला केळी हवीत. मी घेतली. शाळेत पोचले तेव्हा सुरेखा मॅडम व्हरांड्यात होत्या. मी आधी त्यांना सगळं सांगून टाकलं, नाहीतर आत गेल्यावर पुन्हा जीभ वळली नसती. म्हटलं, सुरेखा मॅडम, मी तुमच्याविषयी 'हो' लिहून मोकळी झाले होते. बाई 'नाही' म्हणत होत्या. मी त्यांना पाठवलं नव्हतं, आमचं तर भांडण झालं होतं आणि मी त्यांना फार वाईट बोलले होते. आता पुन्हा 'नाही' लिहिलंय, आणि म्हणून मी दर गुरुवारी येणार आहे.

'नाही' ऐकून त्यांना वाईट वाटेल अशी मला धास्ती होती. त्या उंबऱ्याशी टेकल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं. 'हो' ऐकल्यापासनं माझा जीव टांगणीला लागला व्हता. म्हटलं आता कुणी फिरकायचं न्हाई."

मग थोड्या वेळाने, साडीचा काठ नीट करत म्हणाल्या, "आन् तुमी पाठवलं नव्हतं, ते मला ठावं हाय."

"बाई बोलल्या?"

"न्हाई. त्या तुमचंच नाव घ्यायच्या. पण मी एकदा इचारलं, मग मॅडम सोता का येत न्हाईत? तर म्हनल्या, ती येईल गं. तिला जरा वेळ लागतोय. तोवर मी बसते."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. घंटा झाली असावी, कारण त्या आत गेल्या आणि मुलांचा गलका झाला. आरतीने साखर भलत्याच कोपऱ्यात नेऊन ठेवली होती आणि मुंगी भिंतीला धडका देत होती. सुरेखा मॅडम तिच्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघत म्हणाल्या, "मला बी न्हाई कळलं. थांब, दोघी मिळून बघू." मी मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसले. एका माणसाला पुरेल एवढंच ते बाक आहे.

बाई, मी आलेय. कुलपाचं जे बोलले, ते चुकलं माझं.